गेनचा नॉब व्हॉल्यूमचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या पेपरात गाडीत मोठ्यानं गाणी लावणाऱ्या पोरांबद्दल पत्रं येतायत, रात्री गल्लीतनं गाडी गेली की खिडकीची तावदानं थरथरतात, आजारी माणूस दचकून उठतो वगैरे. मी सगळी पत्रं वाचली. मी मिरजेत गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवतो, १७ वर्षं हेच काम करतोय, म्हणजे ही पत्रं एका अर्थी माझ्या धंद्याबद्दलच आहेत, म्हणून म्हटलं आपणही लिहावं.

आधी हे सांगतो की त्या तक्रारी खऱ्या आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतच लिहिलेली आहे आणि त्यातली रात्र १० ते सकाळी ६ अशी धरतात. १० नंतर डिकीतला वूफर (खालचे जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर) घेऊन गल्लीत फिरणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, माझा गिऱ्हाईक असला तरी. पण त्या पत्रांत एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा जो आवाज कानाला टोचतो, डोक्यात घण घातल्यासारखा वाटतो, तो बहुतेक वेळा फाटलेला आवाज असतो. आणि तो फाटतो कारण सिस्टीम बसवणाऱ्यानं ॲम्प, म्हणजे आवाजाची ताकद वाढवून स्पीकरला देणारा डबा, नीट सेट केलेला नसतो आणि ज्याची गाडी आहे त्याला सेट करायचा असतो हेच कुणी सांगितलेलं नसतं. पैसे दोघांचेही गेलेले असतात. याच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं कारण हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्याला लागतं काय तर व्होल्ट-ओहम मोजणारा साधा मल्टिमीटर.

गेल्या महिन्यात एक पोरगा आला, २२-२३ वर्षांचा, हातात १२ इंची वूफर घेऊन. गाडी बाहेर, वूफर काखेत. म्हणाला काका हा दीड वर्षातला तिसरा, कंपनीच खराब आहे का बघा. मी आधी नाकाजवळ धरला. कॉइल (आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं) जळलेल्या वूफरचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही, वार्निश आणि फेव्हिकॉल एकत्र तव्यावर करपल्यासारखा. मग दोन्ही हातांचे अंगठे कोनच्या, म्हणजे समोरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, मध्ये ठेवून हळूच दाबलं, तर आतून खर्र खर्र. चांगला वूफर दाबला की काहीही आवाज न करता खाली जातो आणि सोडला की वर येतो, हा घासत होता, म्हणजे कॉइलचा गोंद सुटून वेटोळी फुगली होती. मीटर लावला. दोन कॉइलचा वूफर, प्रत्येक कॉइल ४ ओहमची, मीटरवर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवायला पाहिजे. एक कॉइल पूर्ण ओपन म्हणजे तुटलेली, दुसरी २ च्या आसपास. गेला.

मग गाडीकडे गेलो आणि डिकी उघडून ॲम्पवर टॉर्च मारली. गेन फुल उजवीकडे, बेस बूस्ट फुल उजवीकडे, आणि ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ बसवलेला तो छोटा वायरवाला बेसचा नॉब, तोही फुल. त्याला विचारलं तर म्हणाला जिथं बसवला तिथं सांगितलं की सगळं फुल ठेव, आवाज कमी-जास्त डेकवरनं, म्हणजे डॅशबोर्डवरच्या प्लेयरवरनं, कर. त्या दुकानाचं नाव मी विचारलं नाही आणि इथं लिहायचंही नाही, कारण हे एका दुकानाचं नाही, असं सांगणारे मी गावोगावी बघितलेत आणि पहिली दोन वर्षं मीसुद्धा असंच बसवत होतो. माझ्या स्वतःच्या वॅगनआरमधला पहिला वूफर असाच गेला होता, माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात.

आता हा गेन म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळं इथंच अडतं. गेनच्या नॉबखाली एका टोकाला ६ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ०.२ व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं, बहुतेकांनी ते कधी वाचलेलं नसतं. त्याचा अर्थ असा की नॉब ०.२ वर ठेवला तर डेककडून फक्त ०.२ व्होल्ट आले तरी ॲम्प आपली पूर्ण ताकद बाहेर काढणार. आता तुमचा डेक मागच्या आरसीएच्या (ॲम्पकडे आवाजाची वायर जाते त्या) भोकातनं ४ व्होल्ट देणारा असेल तर तो ॲम्पला पाहिजे त्याच्या २० पट देतोय. ॲम्पची ताकद काही २० पट होत नाही, ती तेवढीच राहते, फक्त डेकचा व्हॉल्यूम थोडासा वर गेला की ॲम्प फुल आणि त्यानंतर प्रत्येक आकड्याला आवाज फाटत जाणार. म्हणजे हा नॉब डेक आणि ॲम्प एकमेकांना जुळवण्यासाठी आहे. आमची मिरज तंबोऱ्या-सतारीच्या कारागिरांची, इथं जवारी लावताना तार आणि घोडी यांच्यात सुताचा दोरा ठेवतात आणि तो केसभर पुढं-मागं सरकवत बसतात, एका जागी आला की तंबोरा बोलायला लागतो. दोरा अजून ओढला तर तंबोरा जास्त मोठ्यानं वाजेल असं कुणी म्हणत नाही. गेनचं अगदी तसंच आहे, त्याची एक जागा असते आणि ती शोधावी लागते.

आवाज फाटतो म्हणजे आत काय होतं? ॲम्पच्या आत व्होल्टेजची एक कमाल हद्द असते, पुरवठ्यात जेवढे व्होल्ट आहेत त्याच्यावर तो जाऊच शकत नाही. आवाजाची लाट म्हणजे डोंगरासारखी, हळूहळू चढते, शेंड्याला जाते, उतरते. तुम्ही त्याला त्या हद्दीच्या वर चढायला सांगितलंत की शेंडा कापला जातो आणि डोंगराचं पठार होतं, पाचगणीच्या टेबललँडसारखं सपाट. स्कोपवर, म्हणजे लाटेचं चित्र दाखवणाऱ्या यंत्रावर, हे मी गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवतो, नॉब हळूहळू फिरवला की गोल माथा चपटा होताना डोळ्यांनी दिसतो आणि मग जास्त समजवावं लागत नाही. यालाच आम्ही क्लिपिंग म्हणतो.

आणि वूफर जळतो तो या पठारामुळं. पूर्ण चपटी झालेली लाट आणि गोल लाट, दोघींची उंची सारखी असली तरी चपटीत पॉवर जवळपास दुप्पट असते. म्हणजे ५०० वॅटचा ॲम्प फाडून वाजवला तर कॉइलमध्ये हजाराच्या जवळ जायला लागतो. स्पीकरला दिलेल्या १०० वॅटमधला एखाद-दुसरा वॅटच आवाज होतो, बाकी सगळी उष्णता, हे लोकांना खरं वाटत नाही पण तसंच आहे. ती सगळी उष्णता त्या बारीक तांब्याच्या वेटोळ्यात आणि ते वेटोळं लोहचुंबकाच्या फटीत, जिथं दोन्ही बाजूंना मिलिमीटरसुद्धा जागा नसते. गोंद मऊ होतो, तार फुगते, घासते, संपलं. गिऱ्हाईक मला सांगतात की ॲम्प लहान होता म्हणून वूफर जळला. लहान ॲम्पनं वूफर जळत नाही हो, ३०० वॅटच्या ॲम्पवर ६०० चा वूफर गोल लाटेवर आयुष्यभर वाजेल. आवाज पुरत नाही म्हणून माणूस गेन वाढवत जातो आणि लाट चपटी होते, खरी गडबड तिथं सुरू होते. शिवाय लाटेचे कोपरे कापले की मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे वरचे सूर आपोआप तयार होतात. दारातल्या स्पीकरचा ॲम्प किंवा डेक क्लिप झाला की हे वरचे सूर ट्वीटरमध्ये, म्हणजे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये, जातात आणि ते ट्वीटर बिचारे सगळ्यात आधी जळतात.

वूफरमधे हे ओळखायला मात्र अवघड जातं कारण खालच्या सुरांना आपला कान तेवढा तिखट नाही. गाण्यात आवाज थोडा फाटला तरी माणसाला वाटतं अजून बेस आला. म्हणून मी कानावर विसंबून गेन लावत नाही, मीटरवर लावतो. मापून लावायचं आणि कानानं शेवटी तपासायचं.

पद्धत लिहितो, ज्याला घरी करायचंय त्यानं करा, काही अवघड नाही. गाडी मोकळ्यावर लावून इंजिन चालू ठेवा, बंद गॅरेजमधे नको, धूर कोंडतो. बॅटरीवर साडेबारा आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास व्होल्ट असतात, ॲम्पची ताकद त्याच्यावर अवलंबून, म्हणून इंजिन चालू. डेकवरचं इक्वलायझर सगळं शून्यावर, लाउडनेस बंद, ॲम्पवरचा बेस बूस्ट बंद. तो वायरवाला नॉब जोडलेला असेल तर तो मात्र फुल ठेवून सेट करायचं, म्हणजे नंतर कुणीही फिरवला तरी खालीच येणार, वर जाणार नाही. लो पास फिल्टर (वूफरकडे फक्त खालचे सूर जाऊ देणारा) या वेळेपुरता पूर्ण वरच्या आकड्यावर. वूफरच्या वायरी ॲम्पमधून काढून ठेवा, हे विसरू नका नाहीतर डिकीत भूकंप होईल आणि वूफरही जाईल. गेन पूर्ण कमी. मग पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा साधा सरळ सूर, शून्य डेसिबलला म्हणजे रेकॉर्डिंगमधे मावेल तेवढ्या मोठ्यानं रेकॉर्ड केलेला, तो लावा. मोबाइलवरनं ब्लूटूथनं नको, मोबाइलचा स्वतःचा व्हॉल्यूम आणि त्यातलं इक्वलायझर मधे येतं. डेकचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश, म्हणजे ४० पर्यंत असेल तर ३०. डेक स्वतः पण वरच्या आकड्यांवर फाटतो म्हणून ३० च्या वर यापुढं कधी जायचं नाही असं ठरवूनच टाकायचं.

आता मीटर एसी व्होल्टवर घेऊन ॲम्पच्या स्पीकरच्या दोन स्क्रूंना लावा आणि गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टपर्यंत? वॅट गुणिले ओहम करा आणि त्याचं वर्गमूळ काढा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. ५०० वॅट २ ओहमवर असेल तर हजाराचं वर्गमूळ, ३१.६ व्होल्ट. ५०० वॅट ४ ओहमवर ४४.७. ३०० वॅट २ ओहमवर २४.५ आणि तेच ४ ओहमवर ३४.६. हजार वॅट १ ओहमवर परत ३१.६. तो आकडा आला की थांबायचं, मी तर एक-दोन व्होल्ट आधीच थांबतो कारण वूफर जोडल्यावर ॲम्पचा पुरवठा थोडा बसतो आणि रिकामा असताना दिसलेले सगळे व्होल्ट तेव्हा मिळत नाहीत. मग डेकचा व्हॉल्यूम खाली, सगळं बंद, वूफर जोडा, लो पास ८० हर्ट्झला आणा आणि गाणं लावा. काही जण शून्याऐवजी उणे ५ डेसिबलचा, म्हणजे थोडा हळू, सूर वापरतात म्हणजे गेन थोडा जास्त मिळतो, जुन्या हळू रेकॉर्ड केलेल्या गाण्यांना ते चालतं, पण आताची गाणी आधीच ठासून भरलेली असतात म्हणून मी शून्याचाच धरतो.

इथं वॅट कुठले धरायचे यातच लोक फसतात. धरायचे ते आरएमएस, म्हणजे सतत चालतील असे खरे वॅट, आणि ॲम्पचे आणि वूफरचे यांतले जे कमी असतील ते. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४००० वॅट लिहिलेलं असतं, ते नाही. खरे किती ते बघायचं असेल तर ॲम्पचे फ्यूज बघा. ३० ॲम्पियरचे दोन असतील तर ६०, गुणिले १४.४, म्हणजे बॅटरीकडून जेमतेम ८६४ वॅट आत जाणार आणि क्लास डी ॲम्प (कमी वीज वाया घालवणारा) असेल तर त्यातले पाचात चार, म्हणजे ७०० च्या आसपास बाहेर येणार. ४००० येणार कुठनं? ओहमचंही तसंच, वूफरवर छापलेला आकडा आणि जोडणी कशी आहे तो हिशोब धरायचा, मीटरवर दिसलेला साडेतीन नाही. ४-४ च्या दोन कॉइल शेजारी शेजारी म्हणजे पॅरलल जोडल्या तर २ ओहम, एकामागे एक जोडल्या तर ८. असे दोन वूफर सगळे पॅरलल जोडले तर १ ओहम होतो आणि २ ओहमपर्यंतच चालणारा ॲम्प प्रोटेक्टला जातो म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, लाल दिवा लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतो ॲम्प गंडला.

डेकवर '५० वॅट गुणिले ४' असं जे छापतात त्याचं पण गणित बघा. डेकच्या आतल्या ॲम्पला गाडीचे १४.४ व्होल्टच मिळतात. १४.४ चा वर्ग करून ४ ओहमनं भागा, ५१.८ येतात. म्हणजे ते ५० वॅट हे पूर्ण पठार झालेल्या लाटेचे आहेत, गोल लाटेचे त्याच्या निम्मे, २६ च्या आत, आणि खरोखर स्वच्छ वाजतील असे साधारण १८-२०. म्हणून दारातले स्पीकर डेकवरच चालत असतील तर त्यांना ८० हर्ट्झचा हाय पास लावाच, खालचा बेस त्यांच्याकडे जाऊ देऊ नका, तो वूफरचा प्रांत आहे. नुसतं एवढं केलं तरी निम्म्या गाड्यांमधली गायकाच्या आवाजाची घरघर जाते, लोक म्हणतात काका नवीन स्पीकर टाकले का.

बेस बूस्टबद्दल माझं मत कडक आहे. तो बहुतेक ४५ हर्ट्झच्या आसपास असतो आणि फुल केला की १२ डेसिबल वाढवतो. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट पॉवर, ६ म्हणजे चौपट, १२ म्हणजे १६ पट. ५०० वॅटच्या ॲम्पकडे १६ पट मागितले तर तो काय देणार, पठार. बंद ठेवा. बेस कमी वाटत असेल तर बॉक्स बघा, वूफर कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघा, फेजचा (कोनची हालचाल उलटी करणारा) स्विच उलटा करून बघा, कित्येकदा त्या एका स्विचनं पुढच्या सीटवर बेस येतो. आणि पोर्टवाला म्हणजे हवेसाठी भोक असलेला बॉक्स असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) लावलाच पाहिजे, बॉक्स ३५ हर्ट्झला ट्यून असेल तर ३० च्या आसपास, कारण ट्यूनिंगच्या खाली बॉक्सची हवा कोनला धरून ठेवत नाही आणि तो नुसता फडफडतो, आवाज काही नाही आणि कोन बाहेर येऊन आपटतो. हे वॅट कमी असतानाही होतं.

वायरीचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या पोराच्या गाडीत बॅटरीपासून मागपर्यंत जी लाल वायर ओढली होती ती बाहेरनं अंगठ्याएवढी जाड आणि कापली तर आत बोरूएवढी, आणि तीही तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वीज वाहून न्यायची ताकद तांब्याच्या साधारण ६१ टक्के, म्हणजे ती वापरायचीच असेल तर एक-दोन नंबर जाड घ्यावी लागते, पण विकताना हे सांगत नाहीत. ॲम्पच्या तोंडाशी मीटर लावून गाणं वाजवलं तर ठोक्याला १४ चे १२ च्या खाली जात होते आणि हेडलाइट ठोक्याबरोबर मिचमिचत होते. बरेचसे ॲम्प असे असतात की पुरवठा पडला की ताकद वर्गानं पडते, १४.४ चे १२ झाले की साधारण ३० टक्के गेली. मग बरोबर लावलेला गेनही चुकीचा होतो, कारण ॲम्पचं छत खाली आलेलं असतं आणि लाट तेवढीच उंच.

अर्थिंग बघितलं तर रंगावरच स्क्रू मारलेला. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, जेवढ्या जाडीची लाल वायर तेवढ्याच जाडीची काळी, आणि होईल तेवढी आखूड, हात-दीड हाताच्या आत. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ जोडू नका, तो बोल्ट तुमचा जीव वाचवायला आहे. आणि मेन फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत पाहिजे, मागं ॲम्पजवळ लावून उपयोग नाही, कारण मधे वायर पत्र्याला घासली तर पेटते ती वायर आणि तिला तोडायला पुढं काहीच नसतं. या एका गोष्टीसाठी मी गिऱ्हाइकाशी भांडतो, फ्यूज नको म्हणाला तर काम करत नाही.

रस्त्यावरच्या लोकांना जो खडखडाट ऐकू येतो त्यात अजून एक भाग असतो, नंबर प्लेट आणि डिकीचं झाकण. त्याला फोमची पट्टी लागते, बाकी काही नाही. आणि मोबाइलवर 'बेस बूस्टेड' म्हणून जी गाणी फिरतात ती रेकॉर्डिंगमधेच फाटलेली असतात, शेंडे आधीच कापलेले, त्याला जगातला कुठलाही ॲम्प दुरुस्त करू शकत नाही. पोरं तेच गाणं लावून मला म्हणतात की सेटिंग बरोबर नाही. म्हणून मी तपासायला माझं स्वतःचं रेकॉर्डिंग ठेवलंय, आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचं, पखवाजाचं. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे खर्जाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावतात, ओली, आणि ती किती लावली त्यावर धुमेचा सूर उतरतो. चांगल्या सेट केलेल्या वूफरवर ती कणकेची ओली थाप कळते, हात पडल्यावर कातडं खाली जातं आणि घुमत वर येतं ते कळतं, आणि दोन थापांच्या मधे शांतता असते. फाटलेल्या सेटिंगवर त्याची नुसती ढब ढब होते, थाप कुठली आणि घुमणं कुठलं काही कळत नाही. तुमच्याकडे डग्ग्याचं, पखवाजाचं, ढोलाचं जे असेल ते चांगलं रेकॉर्डिंग ठेवा, कान त्याच्यावर तयार होतो.

एक सावधगिरीचं पण सांगतो कारण पोरांची काळजी वाटते. आवाज स्वच्छ झाला की तो टोचत नाही आणि माणूस नकळत वाढवत जातो, पण कानाचं नुकसान स्वच्छ आवाजानंही होतं. कामगारांच्या कानांसाठी ८५ डेसिबलला ८ तास असा हिशोब धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला पाव तास. बंद काचांच्या गाडीत १०० व्हायला फार वूफर लागत नाही.

संपादक साहेब, माझी मागणी छोटी आहे. दुकानदार मित्रांनी बिलावर तीन आकडे लिहून द्यावेत, किती वॅट आरएमएस धरले, किती ओहमची जोडणी केली आणि किती व्होल्टला गेन लावला. गिऱ्हाइकानं पैसे देण्याआधी एवढंच विचारावं, किती व्होल्टला लावलाय? ज्यानं मापून लावलाय तो पटकन सांगेल. आयटीआयमधे गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम शिकवतात तिथं एक दिवस याला दिला तरी पुष्कळ, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना हेडलाइटचा रिले माहीत असतो पण वॅट आणि ओहमवरनं व्होल्ट काढायला कुणी शिकवलेलं नसतं. आणि तुम्हाला जमलं तर वर दिलेले व्होल्टचे आकडे एका चौकटीत छापा, लोक कापून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतील.

त्या पोराच्या वूफरची कॉइल बदलून मिळाली, नवीन घ्यावा लागला नाही. लाल वायर, काळी वायर, फ्यूज बदलले, बेस बूस्ट शून्यावर आणला आणि गेन मीटरवर ३० व्होल्टला थांबवला. नॉब घड्याळात दहा वाजता काटा असतो तेवढ्यावरच आला, तो म्हणाला काका एवढाच? मग पखवाज लावला आणि तो काही बोलला नाही, पुढच्या सीटवर बसून पूर्ण अभंग संपेपर्यंत ऐकत राहिला. मी नॉबवर मार्करनं बारीक रेघ मारून दिली आणि वर पारदर्शक टेप लावली. काल त्याचा फोन आला, मोठ्या स्क्रीनचा नवीन डेक घेतोय म्हणून. त्याला सांगितलं की बसव, पण जुना २ व्होल्ट देणारा होता आणि नवीन ४ देणारा असेल तर माझी रेघ चुकीची झाली, गाणं लावायच्या आधी गाडी घेऊन ये, मीटर परत लावू.

आपला नियमित वाचक,
एक फिटर, मिरज